कप्तानाचे खांदे

माणसाला कुठे दुखतंय, हे मला त्याच्या पायांवरून कळतं. यात बढाई नाही, सवय आहे. नऊ वर्षं मी कबड्डीत डाव्या कोपऱ्यात उभी राहिले आणि समोरून चढाईला येणाऱ्या बाईच्या पायांकडे पाहत राहिले. तिचा कोणता पाय जड पडतोय, कोणता नुसता दाखवायला पुढे येतोय, हे ओळखायचं आणि नेमक्या क्षणी घोटा धरायचा, एवढंच कोपऱ्याचं काम. चिपळूणकडच्या एका मंडळातून सुरुवात केली, मग जिल्ह्याकडून खेळले, एकदा राज्याच्या संघातही गेले, आणि त्याच जोरावर रेल्वेत नोकरी लागली होती. मग लग्न झालं. नवरा सॉफ्टवेअरमधला. २००४ साली नोकरीचा राजीनामा देऊन मी फिलाडेल्फियाच्या बाहेर, एका मोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पडले. व्हिसा डिपेंडंट, म्हणजे काम करायची परवानगी नाही. नवरा सकाळी आठला गाडी काढायचा तो संध्याकाळी सातला परतायचा.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या वर्षी मी ज्या प्रकरणात नाक खुपसलं त्यातलं मला काही कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. तो खेळ मला कळत नव्हता, हे कबूल. पाय कळत होते.

कॉम्प्लेक्सच्या मागे टाउनशिपचं मैदान होतं. मी रोज संध्याकाळी तिथे चालायला जायचे. मे महिन्यापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी तिथे वीस-पंचवीस धिप्पाड पुरुष जमायला लागले. हातात लांबट चेंडू होता, म्हणून मला आधी ते अमेरिकन फुटबॉल वाटलं. पण यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि खांद्यावर पॅडही नव्हते. नवऱ्याने इंटरनेटवर शोधून सांगितलं की हा रग्बी लीग नावाचा खेळ आहे, एका बाजूला तेरा जण. चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं. पाडलं की रेफरी ‘हेल्ड’ असं ओरडतो, मग धरणाऱ्यांनी सोडायचं, पडलेल्याने उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा आणि पुन्हा धाव. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाला. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. धरायचं आणि पाडायचं, यात न कळण्यासारखं काय आहे?

त्या सगळ्यांत एकच माणूस पोट भरायला हा खेळ खेळत होता. बाकी कुणी प्लंबर, कुणी शाळेत पी. टी. शिकवणारा, दोघं-तिघं आगीच्या बंबावर. हा मात्र उत्तर इंग्लंडातल्या एका कोळशाच्या खाणींच्या गावातून आलेला, सतराव्या वर्षापासून व्यावसायिक खेळाडू, आता पस्तिशीचा. मी त्याला कप्तान म्हणायचे आणि इथेही तेच म्हणते. संघाच्या मालकाने, म्हणजे गाड्यांच्या काचा बसवण्याचा धंदा असलेल्या एका उत्साही गृहस्थाने, त्याला खेळायला आणि बाकीच्यांना शिकवायला बोलावून घेतलं होतं आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर जागा दिली होती. बायको आणि दोन मुली इंग्लंडात. त्यांना तो फोनकार्ड वापरून रोज दुपारी फोन करायचा.

कप्तान फॉरवर्ड होता, त्यातही प्रॉप. प्रॉप म्हणजे संघातला हमाल. मैदानाच्या ऐन मध्यावर उभं राहायचं, चेंडू मिळाला की समोरच्या तीन-चार जणांच्या अंगावर सरळ जाऊन आदळायचं, आणि चेंडू त्यांच्याकडे असला की त्यांचे प्रॉप अंगावर घ्यायचे. गुण मिळवणारे दुसरेच असतात. अठरा वर्षांच्या कारकिर्दीत कप्तानाने स्वतः चारच वेळा चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला होता. ते चारही प्रसंग त्याला तारखेसकट पाठ होते आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

मी बाकावर बसून तीन-चार सराव पाहिले आणि मला राग यायला लागला. माझ्या नाकावर तो असतोच. हा माणूस सगळ्यांत जोरात ओरडायचा, सगळ्यांत पुढे असायचा, पण कुणी उजव्या बाजूने अंगावर आला की त्याचा उजवा पाय एक वीतभर मागे राहायचा. छाती वळायची, हात उशिरा पोचायचे. दोन पकडींतली एक दुसऱ्या कुणालातरी पुरी करावी लागायची. खांदा गेलेला होता आणि तो ते लपवत होता. आमच्याकडेही मुली असं करायच्या. बोट मोडलेलं असायचं, पण संघातून काढतील म्हणून सांगायच्या नाहीत, आणि मग त्यांच्या बाजूने चढाई झाली की आमची अख्खी साखळी तुटायची.

एका सकाळी तो मला लॉन्ड्री रूममध्ये भेटला. कपड्यांची टोपली त्याने डाव्या हातात घेतली होती आणि ड्रायरचं दार तो कमरेने लोटत होता.

मी म्हटलं, “तुमचा उजवा खांदा गेलाय.”

त्याने वळून पाहिलं. कान मार खाऊन फुलकोबीसारखे सुजलेले, नाक दोनदा तरी मोडलेलं. “कोण म्हणालं?”

“कुणी म्हणायला कशाला पाहिजे? तुमचा पाय मागे राहतो.”

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही. मी डावा कोपरा आहे.”

आता हे त्याला कळायचं काहीच कारण नव्हतं. मग मी त्या लॉन्ड्री रूममध्ये, साबणाच्या बाटल्या मांडून, त्याला कबड्डी समजावून सांगितली. त्याने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर लिहिलं होतं की बाई बिचारी घरी बसून कंटाळली आहे. ते मला झोंबलं. मी म्हटलं, या पॅसेजमधून माझ्या बाजूने पळत जाऊन दाखवा. तो हसला. एकशे दहा किलोंचा माणूस, मी पाच फूट तीन इंच. तो अर्ध्या मनाने निघाला, त्याचा पुढचा पाय उचलला जाण्याआधी मी खाली बसले होते, आणि दुसऱ्या क्षणी तो स्वतःच्याच धुतलेल्या कपड्यांवर पालथा पडला होता. ढीग होता म्हणून लागलं नाही. तोंड वर न करताच तो म्हणाला, “पुन्हा दाखवा.”

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण माझ्या मनात त्या दिवसापर्यंत तो तुम्ही होता. ज्याचा घोटा एकदा हातात आला त्याला मला अहोजाहो करता येत नाही.

नंतर चहा प्यायला बोलावलं तेव्हा त्याने खरं सांगितलं. उजव्या खांद्याची दोन ऑपरेशनं झाली होती. तिसरं करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मालकाला शंका आली होती आणि त्याने मेमध्येच सरळ विचारलं होतं, ‘तू अजून माणसं पाडू शकतोस ना?’ जूनअखेरपर्यंत पाहायचं, नाहीतर जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाहून एक तरुण फॉरवर्ड आणायचा, असं ठरलं होतं. कप्तान नुसता कोच म्हणून राहू शकला असता का, असं मी विचारलं. तो बिस्किट चहात बुडवत होता. अमेरिकेत आल्यापासून चहात बिस्किट बुडवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

“मला शिकवायचं नाहीये,” तो म्हणाला. “मला खेळायचंय. अजून दोन वर्षं. निदान हे तरी.”

मी विचारलं, “आणि नाही जमलं तर?”

“मग मी कोण?” तो म्हणाला. त्यात रडगाणं नव्हतं. खरोखरच त्याला माहीत नव्हतं आणि त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, उद्या दहा वाजता मैदानावर ये.

जूनभर आम्ही सकाळी दहा ते अकरा सराव केला. मी सलवार-कमीजवर नवऱ्याचे जुने बूट घालून जायचे. अठरा वर्षं समोरून टक्कर घेत आलेल्या माणसाला बाजूने पकडायला शिकवणं सोपं नाही. त्याला ते पळपुटेपणाचं वाटायचं. प्रॉपने समोर उभं राहायचं असतं, असं तो दहादा म्हणाला. मी म्हटलं, समोर उभा राहून तू काय करतोस ते मी पाहिलंय.

शिकवायचं होतं ते साधंच. उजवीकडची वाट बंद ठेवून उभं राहायचं आणि डावीकडची अर्धं पाऊल उघडी सोडायची. पळणाऱ्याला वाटतं, फट सापडली. तो तिकडे वळतो. वळला की त्याचं वजन एका पायावर येतं, आणि तेव्हा डावा खांदा त्याच्या मांडीला, डोकं मागच्या बाजूला, दोन्ही हात गुडघ्यांच्या मागे जाऊन एकमेकांत अडकवायचे. उजव्या खांद्याने काहीच करायचं नाही, उजव्या हाताने फक्त डाव्याचं मनगट धरायचं. माझ्यासाठी ही मंडळातली पहिल्या वर्षाची शिकवणी होती. कप्तानाला तीन आठवडे लागले. पण एकदा जमल्यावर असं जमलं की बघत राहावं. मांजर उंदरावर बसते तसा तो शांतपणे खाली जायचा.

आणि एक गोष्ट मी त्याच्याकडून रोज घोटून घेतली. मी टाळी वाजवीपर्यंत सोडायचं नाही. कबड्डीत घोटा धरलेलीने सोडला, आणि चढाईवालीची बोटं मध्यरेषेला लागली, तर तिला शिवलेल्या सगळ्या बाद. एकीच्या हातांमुळे चौघी बाहेर जातात. म्हणून आम्हाला शिकवलेलं असतं की शिट्टी वाजली तरी एक श्वास जास्त धरून ठेवायचं. कप्तान पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “कोच, आमच्याकडे रेफरी ‘हेल्ड’ म्हणाला की लगेच सोडावं लागतं. नाही सोडलं तर पेनल्टी.” मी म्हटलं, सोडायचं तुला येतंच आहे, धरायचं शिक.

मग एका गुरुवारी त्याने मला सगळ्या संघासमोर उभं केलं. मी त्यांना साखळी शिकवायची म्हटलं. म्हणजे शेजाऱ्याचा हात धरून एका रेषेत पुढे जायचं, एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याला हातातूनच कळतं. सामन्यात हात धरून चालणार नव्हतं, पण सरावात धरला की सवय अंगात मुरते. दाढीवाले, गोंदवलेले, सहा-सहा फुटी पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. हात कोण धरणार? एकाच्या तोंडून काहीतरी अचकट विनोद निघाला आणि सगळे खिदळले. कप्तानाने शेजारच्या प्लंबरचा हात आपल्या हातात घेतला आणि लग्नाच्या फोटोला उभं राहावं तसा उभा राहिला. हळूहळू बाकीच्यांनीही धरले. अर्ध्या तासाने त्यांना त्यात काही वावगं वाटेनासं झालं, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या रांगेतून मधूनच कुणी पळून गेलं असं फार कमी वेळा झालं. याचं श्रेय मी घेते.

आमचं ‘आम्ही’ कधी झालं, ते माझ्या लक्षात आलं नाही. नवऱ्याच्या आलं. तो नागपूरचा, बोलायला मोकळा.

“अगं यार, परवा महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला सगळे विचारत होते, वाइफ काय करते. आता काय सांगू मी? गोऱ्या लोकांचे पाय धरते म्हणून?”

“सांग. पगार न घेता धरते म्हणावं.”

“आणि व्हिसाचं काही लफडं झालं म्हणजे?”

“चहासुद्धा माझाच असतो. कसलं लफडं?”

पण शनिवारी तोच माझ्या आधी बूट घालून तयार असायचा. त्याला गाडीत फोल्डिंग खुर्च्या, कूलर आणि माझ्या पोह्यांचा डबा घेऊन सामन्याला जायला आवडू लागलं होतं. नियमही त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ झाले.

जूनच्या शेवटच्या सामन्यात कप्तानाने एकतीस वेळा माणूस पाडला. नवऱ्याने मोजलं. सामना संपल्यावर मालक आमच्या खुर्च्यांपाशी आला आणि ऑस्ट्रेलियाच्या माणसाला नको म्हणून कळवतो, असं मलाच सांगून गेला. मला इतका आनंद झाला की राज्याच्या संघात निवड झाली तेव्हाही एवढा झाला नव्हता. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, यात काय, मी चांगलीच आहे. पस्तिशीच्या माणसाला पुन्हा उभं करणं जास्त अवघड असतं, हे मला कळत होतं.

जुलैमध्ये एकदा रेफरीने त्याला तंबी दिली. पाडलेल्याला उठू देत नाहीस, वेळ काढतोस, असं काहीतरी. मी ते पाहिलं आणि कानाडोळा केला. आमच्याकडे याला चांगली पकड म्हणतात. सोमवारी आमच्या सकाळच्या सरावात मी पुन्हा तेच घोटून घेतलं, टाळी वाजवीपर्यंत.

ऑगस्टमध्ये उपांत्य सामना आला. शनिवारची दुपार, एका शाळेचं मैदान, ऊन असं की खुर्चीच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. समोरचा संघ आमच्यापेक्षा तरुण आणि वजनदार. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली होती आणि आम्ही चार गुणांनी पुढे होतो. चेंडू त्यांच्याकडे होता, आमच्या रेषेपासून दहा-बारा पावलांवर. चार पकडी झाल्या होत्या. पाचवी झाली की त्यांच्याकडे एकच संधी उरणार होती.

त्यांचा सगळ्यांत दांडगा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला. कप्तान एकटाच त्याच्या वाटेत होता, मदतीला जवळ कुणी नव्हतं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. कप्तानाने उजवीकडची वाट बंद केली, डावीकडे अर्धं पाऊल सोडलं, तो माणूस त्या फटीकडे वळला, आणि कप्तान खाली गेला. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यांत सुरेख पकड होती ती. तो माणूस मुळापासून तोडलेल्या झाडासारखा आडवा झाला. नवरा खुर्ची पाडून नाचायला लागला.

रेफरी ओरडला, “हेल्ड.” कप्तानाने सोडलं नाही. खालचा माणूस उठायला धडपडत होता. रेफरी पुन्हा ओरडला. कप्तानाचे हात त्याच्या गुडघ्यांमागे तसेच अडकलेले होते. मग शिट्टी वाजली.

पेनल्टी म्हणजे काय, ते नवऱ्याने मला हळू आवाजात सांगितलं. त्यांना पुन्हा नव्या सहा संधी मिळाल्या. तिसऱ्या संधीत त्यांनी खांबांच्या बरोबर मध्ये चेंडू टेकवला, चार गुण, वर किकचे दोन. आम्ही दोन गुणांनी हरलो आणि सीझन तिथे संपला.

मी जागच्या जागी उभी होते. कप्तान मैदानावर गुडघ्यांवर बसलेला होता. उठला, पण समोरच्या संघाने रांग लावली तेव्हा त्याने कुणाशी हात मिळवला नाही. दोन्ही हात अंगालगत ठेवून तो मान हलवत रांगेतून गेला. शरमेने असणार, असं मला वाटलं. आणि ती शरम माझी होती. नियम माहीत असलेल्या माणसाच्या हातांना मी दोन महिने चुकीची सवय लावली होती. त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, रेफरीने जुलैमध्ये सांगितलं होतं, आणि मी दोन्ही वेळा माझंच खरं केलं होतं.

मालक पार्किंगमध्ये पिकअपमध्ये सामान चढवत होता. मी सरळ त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, ती पेनल्टी कप्तानाची नाही, माझी आहे. मी शिकवलं होतं तसं.

तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही मैदानावर नव्हता.”

मी म्हटलं, “मी होते. तुम्हाला दिसले नसेन.” त्याला ते कितपत कळलं कोण जाणे. त्याने टोपी काढून घाम पुसला आणि ठीक आहे म्हणाला.

रविवारी कप्तानाचं दार बंद होतं. सोमवारी दुपारी मी वरण-भात, तूप आणि बटाट्याची भाजी घेऊन खाली गेले. दार उघडंच होतं. तो आत सोफ्यावर बसला होता, आणि त्याचा डावा हात गळ्यातल्या पट्ट्यात होता. उजवा मांडीवर. मी ताट ठेवलं आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसले असते तर बोलणं जमलं नसतं. मी सांगितलं की चूक माझी आहे, मालकाला तसं सांगून आले आहे, आमच्या खेळातली सवय तुझ्या हातांत भरली, तुझं हे वर्ष, हा सामना मी घालवला. मी कुणाची सहसा माफी मागत नाही. त्या दिवशी मागितली.

तो ऐकत होता. मग म्हणाला, “कोच, बस.”

मी बसले.

“डावा खांदा त्याच पकडीत गेला. लागला तेव्हाच कळलं मला. उजवा गेला तेव्हा झालं होतं तसंच झालं.”

तो पुढे म्हणाला, “रेफरी दोनदा ओरडला. दोन्ही वेळा मी ऐकलं. अठरा वर्षं तो शब्द ऐकतोय, झोपेतसुद्धा हात सुटतील माझे. तू दोन महिन्यांत काय सवय लावणार?”

“मग सोडलं का नाहीस?”

“कारण मला माहीत होतं, आता सोडला की संपलं. पुन्हा कुणाला धरता येणार नाही. म्हणून थोडा वेळ धरून ठेवला.” त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “पोरांचा सामना घालवला मी. ते मी त्यांना आज संध्याकाळी सांगणार आहे. तुझ्या नावावर खपवायचं नाही.”

आणि तो हसला. हरलेल्या माणसाचं हसू नव्हतं ते. चार वेळा चेंडू टेकवल्याचं सांगताना हसायचा तसाच हसला, आणि मला म्हणाला की ही पकड तारखेसकट लक्षात राहील.

डावा हात पट्ट्यात, आणि त्या पकडीत ताणलेला उजवाही तोंडापर्यंत पोचत नव्हता. मी वरण-भात कालवला आणि चमच्याने त्याला भरवायला लागले. त्याला त्यात काही वाटलं नाही, मलाही नाही. भरवता भरवता मी माझी शेवटची पकड आठवायचा प्रयत्न करत होते. लग्नाआधीच्या महिन्यात रेल्वेकडून दोन सामने खेळले होते, एवढं आठवलं. कुणाशी, ते आठवेना. त्यातल्या कुठल्यातरी चढाईत कुणाचातरी घोटा धरला असेन, शिट्टी वाजल्यावर सोडला असेन, आणि हात झटकून जागेवर जाऊन उभी राहिले असेन. ती शेवटची आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर मीही सोडला नसता.

हे मी कप्तानाला सांगितलं. घास गिळून तो म्हणाला, “पुन्हा सांग.”